विश्लेषण : ‘दहाड’मधील अंजली भाटीचा भूतकाळ तिच्या आडनावात का दडला आहे?

महिला पोलीस अधिकारी, हातात न सुटणारे प्रकरण आणि मनात न मिटलेला भूतकाळ. गेल्या दीड दशकात या तीन गोष्टींवर जगभर इतक्या गुन्हेमालिका निघाल्या, की आता तो साचाच झाला आहे. प्राइम व्हिडीओवर १२ मे २०२३ रोजी आलेली आठ भागांची ‘दहाड’ वरवर पाहता याच साच्यातील. पण तिच्या नायिकेचा भूतकाळ हा एखादा अपघात, आत्महत्या किंवा फसलेली मोहीम नाही. तो तिच्या आडनावात आहे. वडिलांनी बदललेले आडनाव घेऊन ती नोकरी करते आणि शेवटी ते मूळ आडनावाकडे परत नेण्यासाठी अर्ज करते. बीड जिल्ह्यात पोलिसांच्या नामपाट्यांवरून आडनावेच काढून टाकण्यात आली, तेव्हा या मालिकेने विचारलेला प्रश्न महाराष्ट्राच्या दारात येऊन उभा राहिला. आडनाव लपवणे, काढून टाकणे की उघडपणे लावणे, यातले काय न्याय्य? (पुढील मजकुरात मालिकेच्या शेवटाचा उल्लेख आहे.)

मालिकेची कथा काय?

राजस्थानातील मंडावा या गावी उपनिरीक्षक अंजली भाटी (सोनाक्षी सिन्हा) काम करते. मोटारसायकलवर फिरणारी, ज्युडो खेळणारी, कमी बोलणारी अधिकारी. एका हरवलेल्या तरुणीचा तपास करताना तिला दिसते, की वेगवेगळ्या गावांतील सार्वजनिक स्वच्छतागृहांत नवरीच्या वेशातील महिलांचे मृतदेह सापडले आहेत. प्रत्येक ठिकाणी आतून कडी, विषप्राशन आणि कागदावर आत्महत्या. अशा महिलांची संख्या दोन डझनांच्या पुढे जाते. संशयाची सुई वळते ती आनंद स्वर्णकार (विजय वर्मा) या प्राध्यापकाकडे. तो मुलींना हिंदी शिकवतो, सुट्टीच्या दिवशी गाडीत पुस्तके भरून खेड्यातील मुलांसाठी फिरते वाचनालय चालवतो. खुनी कोण हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळते. उत्कंठा आहे ती पुरावा मिळेल का, याची.

रीमा कागती आणि झोया अख्तर यांनी ही मालिका निर्माण केली. दिग्दर्शन कागती आणि रुचिका ओबेरॉय यांचे. प्रदर्शनापूर्वी फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या मालिका विभागातील स्पर्धेत ती दाखवली गेली. गुलशन देवय्याने साकारलेला ठाणेदार देवीलाल सिंह आणि सोहम शाहचा कैलाश पारघी हे अंजलीचे दोन सहकारी. एक सरळ, दुसरा डळमळीत. दोघांच्याही घरातले प्रश्न तपासाइतकेच महत्त्वाचे.

‘जखमी महिला पोलीस’ हा साचा आला कुठून?

पुरुष गुप्तहेर दारू पिणारा, घटस्फोटित, एकटा असा दाखवण्याची प्रथा जुनी आहे. महिला अधिकारी नायिका झाल्यावर तिच्या वाट्याला दु:ख आले ते बहुधा घरातले. ब्रिटनमधील ‘हॅपी व्हॅली’ (२०१४ ते २०२३) या बीबीसीच्या मालिकेतील सार्जंट कॅथरीन कावूडच्या मुलीवर बलात्कार झाला, बाळंतपणानंतर तिने आत्महत्या केली. त्या बाळाला कॅथरीन वाढवते आणि त्याचा बाप तुरुंगातून सुटून तिच्याच भागात येतो. अमेरिकेतील ‘मेअर ऑफ ईस्टटाऊन’ (२०२१) मध्ये केट विन्स्लेटने साकारलेल्या मेअरच्या मुलाने आत्महत्या केली आहे. नातवाचा ताबा जाऊ नये म्हणून ती त्याच्या आईच्या गाडीत अमली पदार्थ ठेवण्यापर्यंत जाते आणि पकडली जाते.

या दोन्ही मालिका उत्तम आहेत. दोन्हींत भूतकाळ म्हणजे एक घटना आहे. तिला तारीख आहे. त्या घटनेआधी बरे चालले होते, नंतर बिघडले. त्यामुळे उपायही ठरलेला असतो. समुपदेशकासमोर बसायचे, रडायचे, गुन्हेगाराला सामोरे जायचे, स्वत:ला माफ करायचे. मेअरला तर समुपदेशन सक्तीचेच केले जाते. शेवटी नायिका थोडी हलकी होते आणि आपणही.

अंजलीच्या बाबतीत हा हिशेब जमत नाही. तिच्यावर कोसळलेली अशी एकच घटना नाही. तिच्या आडनावाचा प्रश्न तिच्या जन्माआधीपासूनचा आहे आणि आज सकाळी ठाण्यात पाऊल टाकल्यावरही तो तिथेच आहे. भूतकाळ म्हणावा, तर तो भूतकाळात गेलेलाच नाही. समुपदेशक तिला काय सांगणार? जे घडून गेले ते सोडून दे, असे सांगायला ते आधी घडून जावे लागते.

अंजलीचे आडनाव बदलले कशासाठी?

अंजलीचे कुटुंब मूळचे मेघवाल. राजस्थानात हा समाज अनुसूचित जातीत मोडतो. मुलीला त्रास होऊ नये म्हणून वडिलांनी ‘भाटी’ हे आडनाव लावले. ते राजपुतांमध्ये प्रचलित आहे. परगावी कदाचित हे चालून गेले असते. पण लहान गावात आडनावाचा कागद बदलला तरी गावाची स्मरणशक्ती बदलत नाही. ती जवळून गेली, की ठाण्यातला एक शिपाई मुकाट्याने उदबत्ती लावतो. शिवी नाही, टोमणा नाही, नुसता धूर. तक्रार करायची तर कशाची करणार? उदबत्ती लावणे हा काही गुन्हा नाही.

मालिकेतील हे सर्वात नेमके निरीक्षण आहे. भेदभाव कायद्याच्या भाषेत पकडता येऊ नये, इतका तो सराईत झालेला असतो. राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अपमान आणि हिंसेला शिक्षा ठेवली. उदबत्तीचा धूर मात्र या दोन्हींच्या फटीतून निघून जातो. याउलट, तपासासाठी गेलेल्या अंजलीला एका घराच्या उंबरठ्यावर जातीवरून अडवले जाते, तेव्हा तिला काय करायचे ते पक्के ठाऊक असते. तिथे अपमान उघड आहे, म्हणून कायदा हाताशी आहे. ती त्याची आठवण करून देते आणि आत जाते. त्या प्रसंगाच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर खूप फिरल्या. पण ठाण्यातला धूर त्याहून अधिक बोलका आहे, कारण तो रोजचा आहे आणि आपल्याच माणसांकडून आहे.

यात एक बाईपणाचा पदरही आहे. अंजलीची आई तिच्या लग्नासाठी हात धुऊन मागे लागली आहे. लग्न म्हणजे आणखी एक आडनाव. पहिले जातीने दिलेले, दुसरे वडिलांनी निवडलेले, तिसरे नवऱ्याकडून येणारे. यातले तिने स्वत: ठरवलेले एकही नाही. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे मधले नावही बदलते, हे लक्षात घेतले तर हा पदर मराठी प्रेक्षकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. देशातील पोलीस दलांत महिलांचे प्रमाण अजून १२ टक्क्यांच्या आसपास आहे. महाराष्ट्रात भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, म्हणून येथील चित्र तुलनेने बरे. गणवेश मिळाला तरी नाव स्वत:चे होतेच असे नाही, हे मालिका दाखवते.

तिच्या भूतकाळाचा तपासाशी काय संबंध?

चांगल्या गुन्हेकथेत नायिकेचे दु:ख आणि गुन्हा यांचा सांधा जुळावा लागतो, नाहीतर दु:ख नुसती सजावट होते. ‘दहाड’मध्ये तो सांधा पक्का आहे. आनंद ज्या महिलांना हेरतो, त्या बहुतेक खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींतील, गरीब घरांतील आणि हुंडा परवडत नसल्याने लग्न रखडलेल्या. हुंडा न मागणारा, शिकलेला, गोड बोलणारा माणूस भेटला की त्या घर सोडतात. घरचे लोक ‘पळून गेली’ असे समजून लाजेने गप्प बसतात. पोलीसही ‘स्वत:च्या मर्जीने गेली’ म्हणून फाइल बाजूला ठेवतात. खुन्याला संरक्षण मिळते ते या दोन मौनांचे.

कृष्णा चंडाल या तरुणीच्या भावाची गोष्ट याचे उदाहरण. बहीण हरवल्याची त्याची तक्रार कुणी मनावर घेत नाही. त्याच सुमारास ठाकूर घराण्यातील मुलगी मुस्लीम तरुणाबरोबर गेल्याने गावात राजकारण पेटते आणि सारे ठाणे तिला शोधायला धावते. हे पाहून तो भाऊ आपल्याही बहिणीला मुस्लीम तरुणानेच पळवल्याचे सांगतो आणि त्याची तक्रार एका दिवसात महत्त्वाची ठरते. खरे सांगून दाद मिळत नाही, तेव्हा माणूस ज्याला दाद मिळते ते सांगतो. कोणाची मुलगी हरवली म्हणजे ती ‘हरवली’ आणि कोणाची हरवली म्हणजे ‘गेली’, हे आडनावावरून ठरते. अंजलीला ही गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. म्हणूनच ती त्या सुट्या कागदांमधली साखळी पाहू शकते.

असे प्रत्यक्षात घडले आहे का?

मालिकेतील गुन्ह्यांचे ‘सायनाइड मोहन’ प्रकरणाशी असलेले साम्य उघड आहे. कर्नाटकातील दक्षिण कन्नड जिल्ह्याच्या मोहन कुमार या प्राथमिक शिक्षकाला ऑक्टोबर २००९ मध्ये अटक झाली. लग्नाचे आमिष दाखवून तो महिलांना दुसऱ्या शहरात नेई, दुसऱ्या दिवशी दागिने खोलीवरच ठेवायला लावून बसस्थानकावर आणी आणि गर्भनिरोधक गोळी म्हणून सायनाइड देई. ती स्वच्छतागृहात जाऊन घ्यायची, असे सांगे. नंतर दागिने घेऊन पसार. अशा २० महिलांच्या खुनाचे खटले त्याच्यावर चालले. काहींत त्याने स्वत:चा बचाव स्वत:च केला. डिसेंबर २०१३ मध्ये मंगळुरूच्या न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली.

हादरवणारी गोष्ट खुनाच्या पद्धतीपेक्षा वेगळीच आहे. इतके मृतदेह एकाच पद्धतीने, बसस्थानकांच्याच स्वच्छतागृहांत सापडूनही ते इतकी वर्षे एकमेकांशी जोडले गेले नाहीत. प्रत्येक शहराच्या पोलिसांकडे एक अनोळखी मृतदेह होता. महिला बेपत्ता झाल्याची नोंद असलीच तर ती दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या ठाण्यात होती. आपल्याकडे अशा वेळी ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, व्हिसेरा राखून ठेवला जातो. वारस आला नाही की अंत्यसंस्कार उरकतात आणि फाइल बंद होते.

मग तंत्रज्ञानाने हा प्रश्न सुटणार नाही का?

२००९ मध्येच केंद्राने देशभरातील पोलीस ठाणी संगणकाने जोडणारा ‘सीसीटीएनएस’ प्रकल्प मंजूर केला. आज एका ठाण्यातील गुन्ह्याची नोंद दुसऱ्या राज्यातील अधिकाऱ्याला पाहता येते. बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांची जुळवणी करणे संगणकाला अवघड नाही. वय, उंची, कपड्यांचा रंग, तारीख असे रकाने जुळवून संभाव्य जोड्या काढणे हे अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमेल.

पण यंत्राला आधी नोंद हवी. जी तक्रार ठाणे अंमलदाराने घेतलीच नाही, ती कोणत्याही सर्व्हरवर नसते. जी घेतली पण ‘प्रेमप्रकरण, स्वखुशीने गेली’ असा शेरा मारून घेतली, ती चुकीच्या रकान्यात जाऊन बसते. संगणक शोध घेतो तो भरलेल्या माहितीत. न भरलेल्या माहितीचा शोध घ्यायला माणूसच लागतो आणि तो माणूस कोणत्या घरातून आला आहे यावर त्याला काय दिसते ते बरेचसे अवलंबून असते. पोलीस दलात सर्व समाजांतील आणि पुरेशा संख्येने महिला अधिकारी का हव्यात, याचे उत्तर येथे आहे. हा केवळ प्रतिनिधित्वाचा किंवा शोभेचा मुद्दा नाही. तो तपासाच्या गुणवत्तेचा मुद्दा आहे.

जात लपवण्याची ही गोष्ट मराठीला नवी आहे का?

मुळीच नाही. बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षककथेतील रेल्वेत नोकरी करणाऱ्या तरुणाची जात उघड होते तेव्हा त्याच्या वाट्याला मारहाण येते. ‘चोरली’ हा शब्द बागुलांनी फार विचाराने वापरला आहे. स्वत:चीच जात माणूस चोरतो कशी? कारण ती सांगितल्याशिवाय भाड्याने खोली, पाण्याचा पेला, शेजाऱ्याचा राम राम यातले काहीच मिळत नाही आणि सांगितल्यावरही मिळत नाही.

अंजलीचे वडील त्या तरुणाच्याच पिढीतले शोभतील. त्यांनी केले ते भित्रेपणाचे होते, असे मालिका म्हणत नाही आणि तसे म्हणताही येणार नाही. मालिका आली त्याच महिन्यात, म्हणजे मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिला. जातीवरून होणाऱ्या छळामुळे एका वडिलांनी आपले ‘मोची’ हे आडनाव बदलून ‘नायक’ केले होते. त्यांच्या दोन मुलांच्या दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांवर वडिलांचे नाव बदलून देण्यास केंद्रीय शिक्षण मंडळाने नकार दिला. न्यायालयाने मुलांच्या बाजूने कौल दिला. ओळखीचा हक्क हा २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि ज्या जातीच्या ओळखीमुळे पूर्वग्रहाला तोंड द्यावे लागते तिला बांधून राहण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही, असा या निकालाचा आशय. त्यामुळे अंजलीच्या वडिलांचा निर्णय आज कायद्याच्या कसोटीवरही योग्य ठरतो.

मग बीडचा प्रयोग योग्य की अयोग्य?

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यात जातीय तणाव टोकाला गेला. कोणत्या ठाण्यात कोणत्या समाजाचा अधिकारी आहे, याची जाहीर चर्चा सुरू झाली. तपासाकडे आडनावाच्या चष्म्यातून पाहिले जाऊ लागले. या पार्श्वभूमीवर पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी कर्मचाऱ्यांना एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारण्यास सांगितले आणि २०२५ च्या सुरुवातीला केवळ पहिले नाव असलेल्या नामपाट्या देण्यात आल्या.

या निर्णयाची काहींनी थट्टा केली, काहींनी पाठ थोपटली. थट्टा करण्यासारखे त्यात काही नाही. घाबरलेला फिर्यादी ठाण्यात येतो तेव्हा तो आधी पाटी वाचतो, ही वस्तुस्थिती आहे. ‘हा आपला, हा त्यांचा’ असा हिशेब करूनच तो तोंड उघडतो. पाटीवर आडनाव नसेल तर निदान पहिले वाक्य तरी तो मोकळेपणाने बोलेल. शिवाय येथे आडनाव सर्वांचेच काढले आहे, फक्त दबलेल्यांचे नाही. अंजलीच्या वडिलांना एकट्याने जे लपवावे लागले, ते इथे सगळ्यांनी मिळून उतरवून ठेवले आहे. हा फरक मोठा आहे.

तरीही मर्यादा स्पष्ट आहे. डेटाबेसमधील एखादा रकाना पडद्यावर दिसेनासा केला म्हणून त्यातील माहिती पुसली जात नाही. फिर्यादीला पाटीवरून आडनाव कळणार नाही, पण सहकाऱ्याला ते भरतीच्या दिवसापासून ठाऊक असते. गावात तर तासाभरात कळते. मंडाव्याच्या शिपायाने उदबत्ती लावली ती अंजलीच्या पाटीवर ‘भाटी’ असे असतानाच. पाटी बदलून जनतेचा संशय कमी होऊ शकतो, खात्याच्या आतला धूर कमी होत नाही.

जातीची नोंदच नको, हे म्हणणे बरोबर का नाही?

अलीकडे न्यायालये आणि सरकारे या दिशेने पावले टाकत आहेत. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगात जातीवरून कामे वाटण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उत्तर प्रदेश सरकारने पोलिसांच्या कागदपत्रांत आरोपीची जात नोंदवणे बंद करण्याचे ठरवले. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला.

हे सर्व निर्णय स्वागतार्ह आहेत, पण त्यातून ‘जात कुठेच लिहू नका’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे. कैद्याला झाडू द्यायचा की स्वयंपाकघर, हे ठरवण्यासाठी जात विचारणे हा अन्याय. अत्याचार झालेल्याला संरक्षण देण्यासाठी ती विचारणे हा न्याय. उत्तर प्रदेशच्या आदेशातूनही अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हे वगळावे लागले, कारण तिथे जात हाच गुन्ह्याचा गाभा असतो. या गुन्ह्यांचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच द्यावा लागतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये देशात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. जात लिहिलीच नसती तर हा आकडा शून्य दिसला असता आणि अत्याचार तेवढेच राहिले असते. बिंदुनामावलीतील जात पुसली तर आरक्षणाची अंमलबजावणी तपासणार कशी?

थोडक्यात, नोंद कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, हा प्रश्न आहे. पाटीवरची जात पूर्वग्रहाला खाद्य पुरवते, आकडेवारीतील जात पूर्वग्रह उघडा पाडते.

मालिका कुठे कमी पडते?

‘दहाड’ निर्दोष नाही. आठ भाग लांबतात. खुनी ठाऊक असल्याने मधले दोन-तीन भाग पाठलागाच्या पुनरावृत्तीत जातात. सर्वात मोठी उणीव म्हणजे अंजलीचा लढा एकटीचा दाखवला आहे. तिच्यासारखे इतर अधिकारी, त्यांची संघटना, समाजातील चळवळ, आंबेडकरी वारसा यातले फारसे काही तिच्या आयुष्यात दिसत नाही. प्रत्यक्षात अशा मुली वर्दीपर्यंत पोहोचतात त्यामागे वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि दोन पिढ्यांची चळवळ असते. ते गाळले की नायिका अपवाद ठरते आणि व्यवस्था सुटते. मेअर आणि कॅथरीन यांच्या दु:खाला कुटुंब हीच चौकट पुरते. अंजलीच्या दु:खाला ती पुरत नाही.

असे असले तरी शेवट मालिकेने सोपा केला नाही. खुनी सापडतो, पण तो शेवट नव्हे. त्यानंतर अंजली आडनाव ‘मेघवाल’ करून घेण्यासाठी अर्ज करते. दोन डझनांहून अधिक ‘अनोळखी मृतदेहां’ना त्यांची नावे परत मिळवून दिल्यावर ती स्वत:चे नाव परत घेते. तिचा हा निर्णय वडिलांच्या निर्णयाला खोटे ठरवत नाही. त्यांना आडनाव सोडण्याचा हक्क होता, तिला ते लावण्याचा आहे. फरक इतकाच, की वडिलांनी ते भीतीपोटी सोडले आणि तिने वर्दीच्या आधाराने परत घेतले.

मग करायचे काय?

बीडची पाटी ही सुरुवात म्हणून ठीक आहे. पण तिच्या मागोमाग तीन गोष्टी यायला हव्यात. पहिली, पोलीस प्रशिक्षण केंद्रांत जातीय पूर्वग्रहाबद्दलचे शिक्षण एका व्याख्यानापुरते न ठेवता तपासाच्या अभ्यासक्रमात आणणे. हरवलेल्या मुलीची तक्रार घेताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा, येथपासून ते सुरू होते. दुसरी, खात्यांतर्गत भेदभावाची तक्रार करायला थेट वरिष्ठांच्या कक्षेबाहेरची जागा असणे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती आणली, तशी व्यवस्था जातीय अवहेलनेसाठी का नसावी? उदबत्तीच्या धुराची दखल फौजदारी कायदा घेऊ शकत नसेल, तर खाते घेऊ शकते. तिसरी, बेपत्ता महिलांच्या ज्या तक्रारी ‘स्वखुशीने गेली’ म्हणून बंद होतात, त्यांची दरवर्षी जिल्हा पातळीवर फेरतपासणी. त्यात कोणत्या समाजाच्या किती तक्रारी बंद झाल्या, हे पाहिले तरी पुष्कळ काही उलगडेल.

या तिन्हींपैकी एकही गोष्ट नामपाटी बदलण्याइतकी स्वस्त आणि झटपट नाही. पण हे झाले तर पाटीवर आडनाव असले काय आणि नसले काय, फिर्यादीला फरक पडणार नाही. ‘मेघवाल’ लिहिलेली पाटी लावून अंजली ठाण्यात बसली आणि समोरच्या माणसाने ती वाचून नुसती आपली तक्रार सांगायला सुरुवात केली, तर तिचा भूतकाळ खऱ्या अर्थाने भूतकाळ झाला, असे म्हणता येईल. तोपर्यंत आडनाव लपवायचे की लावायचे, हे ठरवण्याचा अधिकार ते सोसणाऱ्याचाच असला पाहिजे.